रेटकार्डावरची दहा कामं आणि तीन किलोचा यॉर्की: नागपुरातल्या ‘फुल ग्रूमिंग’ची झडती

धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या कुठल्याही दुकानात शिरा, नाहीतर घरी येणारी गाडी बोलवा, हातात पडणारं रेटकार्ड थोड्याफार फरकानं तेच. आंघोळ, ब्लो-ड्राय, हेअरकट, नखं, कान, दात, गुदग्रंथी, गोचीड बाथ, पंजांची मालिश आणि शेवटी परफ्युम-बो. ही दहा कामं मिळून ‘फुल ग्रूमिंग’. भावाचे रकाने तीन: लहान, मध्यम, मोठा. लहानच्या रकान्यात पग, पॉमेरेनियन, शित्झू आणि यॉर्कशायर टेरियर, म्हणजे आपला यॉर्की, एका ओळीत कोंबलेले. पगचे केस बोटाच्या पेराएवढेही नसतात, पॉमेरेनियनला आत लोकरीचा दाट थर, आणि यॉर्कीला तो आतला थरच नाही. भाव एक असायला हरकत नाही, पण टेबलावर हातही एकाच पद्धतीनं फिरतो आणि तिथं बिघडतं.

म्हणून इथं एखाद्या दुकानाला तारे दिलेले नाहीत. पॅकेजमधलं एकेक काम यॉर्कीच्या अंगावर ठेवून पाहिलं आहे: कशाचे पैसे द्यावेत, काय नको म्हणून सांगावं, आणि काय आपल्यासमोरच करून घ्यावं.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. यॉर्की उत्तर इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या गावांतला. उंदीर मारायला पाळलेल्या लहान टेरियरांतून ही जात घडली. १८६५ साली जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ हा आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष मानला जातो. तो स्वतः जेमतेम सहा वर्षं जगला. जातीच्या मानकाप्रमाणे वजन ३.२ किलोपर्यंत. ‘टीकप यॉर्की’ नावाची वेगळी जात नाही, तो विकणाऱ्यांचा शब्द आहे, आणि दीड किलोच्या कुत्र्याला खाली लिहिलेला प्रत्येक धोका दुप्पट लागू होतो. मांडीवर मावतो म्हणून याला खेळणं समजू नये. गच्चीवर खार दिसली की याच्यातला उंदीरमार जागा होतो, आणि ड्रायरचा आवाज सुरू झाला की तोच उंदीरमार ड्रायरवर धावून जातो. दाबून धरलं तर तो शांत होत नाही, फक्त पुढच्या वेळी टेबल पाहूनच दात दाखवतो.

केस माणसासारखे: सरळ, रेशमी, सतत वाढणारे. ‘याचे केस गळत नाहीत’ असं सांगून पिल्लू विकलं जातं आणि ते बरंचसं खरं आहे. फक्त त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. सुटलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकतो आणि त्याचा गुंता होतो. गुंत्याच्या जागा ठरलेल्या: कानामागे, पुढच्या पायांच्या काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, शेपटीखाली, बोटांच्या मधे आणि हार्नेसचा पट्टा घासतो तिथं.

आंघोळ: पाण्याच्या आधीचं काम महत्त्वाचं

पॅकेजची सुरुवात आंघोळीनं होते, आणि पहिली चूकही तिथंच. कुत्रा आला, टबात उभा केला, शॅम्पू चोळला. केसांतला गुंता पाण्यात भिजला की आवळतो. कोरडा असताना बोटांनी सुटला असता तो नंतर कात्रीनंच काढावा लागतो, आणि मग ‘मॅटिंग फार होतं’ म्हणून बिलात वेगळी ओळ येते. यॉर्कीचा क्रम असा: आधी पूर्ण विंचरणं, मग पाणी. दुकानात पहिल्यांदा जाताना एवढंच विचारा, ‘आंघोळीच्या आधी विंचरता का?’ उत्तराला वेळ लागला तर समजून घ्या.

विंचरायचं कसं, तेही बघण्यासारखं आहे. रेशमी केस कोरडे विंचरले की मधेच तुटतात. पाव लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कंडिशनर हलवून बाटलीनं हलकासा फवारा मारायचा. मग कुत्रा एका कुशीवर झोपवून पोटाकडून पाठीकडे, एकेक भांग पाडत वर सरकायचं. वरचे केस एका हातानं दाबून धरायचे आणि खालची बोटभर ओळ टोकापासून मुळापर्यंत सोडवत न्यायची. आधी टोकांना गोळ्या नसलेला पिन ब्रश. ती प्लास्टिकची गोळी दिसायला मऊ वाटते, पण रेशमी केस तिच्यात अडकून तुटतो. नंतर अर्धे दाते रुंद, अर्धे बारीक असलेला स्टीलचा कंगवा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेला की ती ओळ झाली. नुसता वरून ब्रश फिरवला तर केस चमकतात आणि मुळाशी नमदा तसाच राहतो.

गुंता सापडला तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी आडवा-उभा फाकवायचा आणि कंगव्याच्या शेवटच्या दोन दात्यांनी टोकाकडून सोडवायचा. कापायचाच असेल तर गुंता आणि कातडी यांच्यामधे कंगवा सरकवून कंगव्याच्या वरून कापावा. काखेतली कातडी गुंत्याबरोबर तंबूसारखी वर उचलली जाते, आणि ‘कात्री लागली’ असं जे नंतर ऐकायला मिळतं ते बहुतेक वेळा इथलंच असतं. ‘अंडरकोट रेक’ किंवा ‘डी-शेडिंग’ नावाची हत्यारं मात्र यॉर्कीवर फिरू देऊ नका. ज्या थरासाठी ती बनली आहेत तो थर याला नाही, त्यामुळे ती चांगला केसच कापत सुटतात.

पाणी कोमट हवं, मनगटावर जेमतेम ऊब जाणवेल इतकं. नागपुरात उलटा प्रश्नही येतो: मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळातून तसंच सोडलं तर ते कोमट नसतं, चटका देणारं असतं. गाडीवाल्यांची टाकी दिवसभर उन्हात फिरलेली असते. नळ सुरू करून आधी स्वतःच्या मनगटावर घ्या. बोअरचं पाणी असेल तर क्षारांमुळे केस राठ पडतात, शेवटचं धुणं तरी गोड्या पाण्यानं व्हावं.

शॅम्पू कुत्र्याचाच, माणसाच्या कातडीची आम्लता वेगळी असते. घट्ट शॅम्पू थेट पाठीवर ओतू नये, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात पातळ करून घ्यावा. गोल-गोल चोळलं की गुंता तयार, म्हणून केसांच्या दिशेनं वरून खाली हात फिरवायचा. दोनदा शॅम्पू, मग कंडिशनर दोन-तीन मिनिटं. हे कंडिशनर अनेक पॅकेजांत ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणून वेगळं लावतात. पगला ते नसलं तरी चालेल, यॉर्कीला नको म्हणू नका. टॉवेलनं खसाखसा पुसणंही बंद, दाबून पाणी टिपायचं. आखूड कापलेल्या यॉर्कीला दहा-पंधरा दिवसांनी आंघोळ पुरते, जमिनीपर्यंत केस ठेवले असतील तर आठवड्याला.

ब्लो-ड्राय: खरे पैसे इथले

एकाच कामाचे पैसे द्यायचे असतील तर या कामाचे द्या, कारण घरी हेच जमत नाही. अर्धवट वाळलेला यॉर्की घरी येऊन कूलरसमोर झोपतो. मे महिन्यात तो वाळून तरी जातो. जूनच्या मध्यानंतर हवेतच ओल असते, कूलर त्यात भर घालतो, आणि काखा-मांड्या दोन दिवस दमट राहतात. मग आंबूस वास, लालसर कातडी, पाय चाटणं. यीस्ट वाढल्याची ती लक्षणं. त्यावरचा औषधी शॅम्पू अंगावर दहा मिनिटं राहिला तरच काम करतो, आणि घाईच्या दुकानात ती दहा मिनिटं तुम्ही घड्याळ लावल्याशिवाय मिळत नाहीत.

दुकानात तीन प्रकारचे ड्रायर दिसतात. पहिला मोठ्या झोताचा ब्लोअर, लॅब्रॅडोरच्या अंगातलं पाणी उडवणारा. यॉर्कीवर तो सगळ्यात कमी वेगावर, वीतभर लांबून, आणि मानेच्या वर अजिबात नाही. त्या झोतात लांब रेशमी केसांची टोकं एकमेकांत चाबकासारखी गुंडाळतात. दुसरा उभा स्टँड ड्रायर: मंद, कोमट हवा, आणि दोन्ही हात मोकळे. एका हातानं ब्रश, हवा त्याच ओळीवर, ओळ वाळली की पुढची. यॉर्कीला हाच. आखूड कापलेल्यालाही अर्धा तास सहज लागतो; दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणाले तर झालेलं नाही. तिसरा पिंजऱ्याला लावायचा ड्रायर. कुत्रा आत, दार बंद, गरम हवा सुरू, माणूस पुढच्या कुत्र्याकडे. तीन किलोचं शरीर बंद पिंजऱ्यात बघता बघता तापतं, आणि बाहेर ४५ अंश असताना तर विचारूच नका. पिंजरा ड्रायर दिसला तर ‘आमच्याला यात नको’ हे सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगा. या बाबतीत भिडस्तपणा परवडत नाही.

‘जिरो मारून द्या न’

एप्रिल लागला की काउंटरवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. ‘दादा, गर्मी किती होऊन राहिली, जिरो मारून द्या न.’ आणि दादाही खूश: ‘होऊन जाईन ताई, अर्ध्या तासात मोकळा.’ मशीन फिरवायला कौशल्य कमी आणि वेळही कमी लागतो.

नुकसान काय होतं? पॉमेरेनियन किंवा हस्कीवर जिरो मारलं तर केस परत नीट न येण्याची भीती असते. यॉर्कीत ती भीती फारशी नाही, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर तरी परत येतं. पण याच्या कातडीला केसांखेरीज दुसरं आवरण नाही. उघड्या पाठीवर नागपूरचं ऊन थेट पडतं आणि कातडी भाजते. शिवाय जिरोचं ब्लेड कातडीला इतकं चिकटून जातं की मशीनचा ओरखडा-भाजणं, खाज, आणि मग चाटून-चाटून झालेली जखम, हे सगळं पोट आणि गळ्याच्या पातळ कातडीवर लगेच दिसतं.

ब्लेडचे नंबर समजले तर बोलणं सोपं जातं. नंबर जितका मोठा तितके केस आखूड. १० नंबर सुमारे दीड मिलिमीटर ठेवतो, ७ एफ सव्वातीन, ५ एफ सव्वासहा, ४ एफ साडेनऊ. ३० नंबर अर्धा मिलिमीटर, म्हणजे तुमचा ‘जिरो’. उन्हाळ्यासाठी अंगावर ४ एफ हे आमच्या मते बरोबर माप: कातडी झाकलेली राहते, कंगवा दोन मिनिटांत फिरतो, गोचीड डोळ्याला दिसते. ५ एफपेक्षा आखूड अंगावर कापू देऊ नका. पायांवर मशीनला १६ किंवा १९ मिलिमीटरचा प्लास्टिक कंगवा लावून थोडे लांब केस ठेवले की कुत्रा टेरियरसारखा दिसतो, उंदरासारखा नाही. १० नंबर फक्त पोटाखाली, गुदद्वाराभोवती आणि तळव्यांच्या गादीमधे, केसांच्या दिशेनं.

ब्लेड पाच-दहा मिनिटांत तापतं. चांगला ग्रूमर मधेमधे ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो, तापलं असेल तर बदलतो किंवा थंड करण्याचा फवारा मारून पुसतो. हा एक हावभाव दिसला की निम्मी काळजी मिटते. न दिसला तर मधेच ‘ब्लेड बघा ना एकदा’ म्हणायला हरकत नाही.

कानांचं एक खास काम आहे, रेटकार्डावर नसलेलं. यॉर्कीचे कान उभे, इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तसे. कानाच्या वरच्या एक तृतीयांश भागावरचे केस आतून-बाहेरून बारीक करून कडा छोट्या कात्रीनं गोल केल्या जातात. हे दिसण्यासाठी आहेच, पण चार ते सहा महिन्यांच्या पिल्लात, दात बदलण्याच्या दिवसांत, केसांच्या वजनानंही कान लोळतात. ग्रूमरला हे माहीत असेल तर त्यानं यॉर्की कापलेले आहेत. माहीत नसेल तर तुमचा यॉर्की शित्झूच्या साच्यातून बाहेर येणार, गोल डोकं आणि लोंबते कान घेऊन.

डोक्यावरची शेंडी ठेवायची असेल तर छोटं लॅटेक्सचं रबर वापरावं, रोज किंवा दिवसाआड सोडावं, आणि काढताना ओढू नये, कापावं. बांधल्यावर डोळ्यांचे कोपरे वर ताणलेले दिसत असतील तर ती घट्ट आहे. शेंडीचा हट्ट नसेल तर दोन डोळ्यांमधले केस आखूड ठेवणं सोयीचं.

टेबलावरचा फास

यॉर्कीसाठी रेटकार्डावर नसलेली पण सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे टेबलाच्या दांड्याला लटकणारा गळ्यातला फास. या जातीत श्वासनलिका चपटी होण्याचा विकार बराच आढळतो. नळीचे कूर्चेचे कडे सैल पडतात आणि दाब आला, कुत्रा उत्तेजित झाला की नळी आत दबते. बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो. फास गळ्यात, त्यात हा ओढाळ टेरियर ड्रायरला भिडायला पुढे झेपावतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र. फास गळ्याऐवजी छातीवरून एका काखेखालून तिरका घेता येतो, किंवा पोटाखालचा वेगळा पट्टा लावता येतो. ‘गळ्यात नको, काखेतून घ्या’ एवढं सांगितलं की कळतं. घरूनही गळ्यातल्या पट्ट्यावर ओढत आणू नका. छातीचा हार्नेस घाला आणि दुकानात पोचल्यावर लगेच काढा, कारण त्याखालीच गुंता होतो.

बदकी खोकला आधीपासून असेल तर आधी डॉक्टर. नागपुरात त्यासाठी दूर जावं लागत नाही. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे.

टेबलावरून उडी हा दुसरा धोका. यॉर्कीच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा विकार सामान्य आहे: चालता-चालता मागचा एक पाय दोन पावलं उचलून धरतो, मग काही झालंच नाही असा चालतो. असा कुत्रा कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर उडी मारतो तेव्हा वाटीच नव्हे, पुढच्या पायाचं काडीसारखं हाडही जातं. ग्रूमर फोन घ्यायला वळताना एक हात कुत्र्यावर ठेवतो का, ते बघा. काचेतून दिसत नसेल असं दुकान आम्ही टाळू.

आणि ‘उपाशी आणा’. उलटी होऊ नये म्हणून हा सल्ला सर्रास देतात. मोठ्या कुत्र्याला त्यानं काही होत नाही. चार महिन्यांच्या आतल्या किंवा फार बारक्या यॉर्कीची साखर मात्र उपाशीपोटी, थंडीत आणि भीतीनं झपाट्यानं उतरते. लडखडणं, शून्यात नजर, थरथर, अंग ढिलं पडणं. त्या वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं चोळायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, आणि सरळ डॉक्टरकडे. पिल्लाला दीड तास आधी थोडं खायला घालून आणा. लसीकरणाचा कोर्स पुरा होऊन दोन आठवडे झाल्याशिवाय तर दुकानात आणूच नका, पिल्लांना जीवघेणे उलट्या-जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू टेबलावर, टॉवेलवर टिकून राहतो.

फार ओढाळ कुत्र्याला ‘शांत करायचं औषध देऊ का?’ असं विचारणारेही आहेत. नाही. ते काम पशुवैद्याचं. श्वासनलिकेचा त्रास आहेच, शिवाय यकृताला बगल देऊन रक्त नेणारी जन्मजात शीर या जातीत इतरांपेक्षा जास्त सापडते. अशा कुत्र्याचं यकृत गुंगीचं औषध नीट निचरू शकत नाही.

उरलेली ओळ-दर-ओळ

नखं: पैसे वसूल. यॉर्कीची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून एकेक मिलिमीटर कापत जायचं. कापलेल्या तोंडाच्या मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर रक्त थांबवणारी पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून तीन-चार मिनिटं धरायचं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख केसांत लपतं आणि गोल वळून कातडीत रुततं. ते कापलं का, हात लावून बघा. तीन आठवड्यांनी पुन्हा.

कान: बाहेरचा भाग औषधी द्रावणानं पुसणं ठीक. आतले केस उपटणं दर वेळी नको, निरोगी कानात उपटण्यानंच सूज येते. घाण वास, काळपट मळ असेल तर ते ग्रूमरचं काम नाही.

दात: या ओळीचे पैसे वाचवा. दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, मग महिन्यातून एकदा फिरवलेल्या ब्रशनं काय होणार? लहान जबड्यात ४२ दात दाटीनं बसलेले, त्यामुळे यॉर्कीचे दात लवकर जातात. ब्रश घरीच, रोज, कुत्र्याच्या पेस्टनं. माणसाची पेस्ट गिळली जाते आणि काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, जे कुत्र्याला विष आहे. शुद्धीवर असताना हत्यारानं दात खरवडण्याची ‘स्केलिंग’ ऑफर नाकारा: दिसणारा भाग चकचकीत होतो, हिरडीखालची घाण तशीच राहते. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला खेटून उभा असेल तर डॉक्टरला दाखवा.

गुदग्रंथी (गुदद्वाराशेजारच्या दोन लहान पिशव्या, त्या दाबून रिकाम्या करतात): कुत्रा फरशीवर बूड घासत नसेल तर हात लावू देऊ नका. पंजांची मालिश: हसून सोडून द्या.

गोचीड बाथ

हा एकच प्रकार ‘नको’ म्हणण्याआधी समजून घ्यावा लागतो, कारण गरज खरी आहे. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातल्या भिंतींच्या फटींत, खिडकीच्या चौकटीत, कूलरच्या स्टँडमागे राहते आणि एर्लिकिया, बबेसियासारखे रक्तातले रोग देते. ताप, खाणं बंद, फिकट हिरड्या दिसल्या तर रक्ततपासणी त्याच दिवशी.

पण बाथमधे काय टाकतात? बऱ्याच ठिकाणी अमित्राझचं द्रावण, मापाशिवाय, मगात अंदाजानं. त्यानं सुस्ती येते, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि अगदी लहान चणीच्या कुत्र्यांना हे जास्त बाधतं. अंगावर ओरखडा असेल तर आणखी. बाटली दाखवायला सांगा, नाव आणि प्रमाण वाचा. वाचता आलं नाही तर घेऊ नका. त्याऐवजी वजनावर मोजलेलं औषध बरं: मानेवर टाकायच्या फिप्रोनिलची २ ते १० किलोची पिचकारी ०.६७ मिलिलिटरची असते, आणि ती २ किलोच्या खालच्या कुत्र्यासाठी नाही. ती टाकायच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, म्हणजे ग्रूमिंगच्या दिवशी ‘लावूनच टाका’ म्हणणं म्हणजे औषध मोरीत सोडणं. गोळ्या घ्यायच्या तर वजन करून, पशुवैद्याला विचारून. घरातल्या फटी साफ केल्याशिवाय यातलं काहीही पुरत नाही.

वेळ आणि गाडी

मार्च ते जून अपॉइंटमेंट सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर दुपारची वेळ स्वस्त दिली तरी घेऊ नका. घरी येणाऱ्या गाडीचा फायदा मोठा आहे, प्रवास नाही, दुसऱ्या कुत्र्यांचं भुंकणं नाही. मात्र पत्र्याची गाडी, आत ड्रायरची गरम हवा. एसी जनरेटरवर चालतो की इंजिनावर, ड्रायर आणि एसी एकदम चालतात का, हे विचारा. अनेकदा ड्रायर लावला की एसी बंद करावा लागतो. गाडी सावलीत उभी करायला सांगा आणि दार उघडून स्वतः एक मिनिट आत उभे राहा. तुम्हाला घाम फुटला तर तीन किलोच्या कुत्र्याला ते सोसणार नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश. ४१ च्या वर गेलं की उष्माघात: सतत धापा, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, डुलणं. साधं पाणी (टाकीत तापलेलं नको) अंगावर, पोटावर, पायांवर ओता, पंखा लावा, आणि डॉक्टरकडे जाता-जाताही ओलं ठेवा. टॉवेलमधे गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत अडकते.

वाट बघताना शेजारच्या टपरीवरच्या तर्री-पोह्यांचा घास मात्र देऊ नका. कांदा-लसूण आहेच, वर तेलाचा तवंग, आणि यॉर्कीचं स्वादुपिंड तेलकटाला लवकर सुजतं.

परफ्युम नको म्हणा. तो ओल्या काखेचा वास झाकतो, आणि तो वासच तर तुम्हाला कळायला हवा असतो. बो हवा तर हवा, रबरावर बांधा, केसांना चिकटवणारा नको.

पैसे देण्याआधी स्टीलचा कंगवा खिशातून काढा. कानामागे, काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली, चार ठिकाणी बारीक दात्यांची बाजू मुळापासून फिरवा. कुठं अडली तर आधी विंचरलेलं नाही. मग तळहात काखेत दाबून धरा. गार, दमट लागलं तर वाळवलेलं नाही. कुत्रा तसाच टेबलावर परत द्या, राहिलेलं काम त्याच पैशांत होतं.